भान्याला हवालदार मी केला

"शिवाचं नाव मोठं काढ. माझं जरा बारीक चाललं," भानुदास म्हणाला आणि त्यानं चिठ्ठी माझ्या रंगाच्या डब्यावर ठेवली.

"तुझं बारीक? बरा हाईस न्हवं?"

"तुला पेंटिंग कळतंय, राजकारण न्हाई. मेलेल्याचं मोठं आन् उभा असलेल्याचं बारीक. तेच मतं आणतंय. उद्या धाला सभा हाय शाळंच्या मैदानात. जिल्ह्याचं सायेब येणार. फलक सकाळी आठच्या आत पायजे."

मी चिठ्ठी उचलली. बारा फूट बाय चार फूट कापडावर, पांढऱ्यावर निळ्या रंगात, हे लिहायचं होतं:

शहीद लान्स नायक शिवराम कणसे यांचे अखेरचे शब्द: "वत्सलाला सांग, गाव सोडू नको. आपली माणसं इथंच आहेत." हे शब्द ज्यांच्या मांडीवर उमटले ते माजी हवालदार भानुदास निकम, आपले उमेदवार, जिल्हा परिषद.

मी दोनदा वाचलं.

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजी? शिवानं."

"कुणाला?"

"मला," तो म्हणाला, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून हसला. लाजला असता तर मी एवढा पेटलो नसतो. भावकीच्या लग्नात चोरून दोन लाडू जास्त उचलल्यावर माणूस हसतो, तसा हसला.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. आज तो कुठल्या कुठं पोचलाय. नावाआधी माननीय लागतं. पंधरा ऑगस्टला छाती काढून सलामी घेतो, पोरांना सांगतो की देशासाठी मरायला शिका. मी टीव्ही बंद करतो. पुढाऱ्यानं फौजेत गेलंच पाहिजे असा आपल्याकडं कायदा नाही, आणि नाही गेला म्हणून कुणी त्याला फाशी देत नाही. पण गेलास, पळालास, आणि वर दुसऱ्याच्या मढ्यावर उभा राहून मतं मागतोस? असल्या माणसाला शिवी द्यायची तर मराठीत शिवी शिल्लक नाही. मी शोधली.

आमची जांभळेवाडी दोनशे उंबऱ्यांची. फौजी नाही असं घर दाखवा आणि शंभर रुपये घ्या, असं बाहेरची माणसं म्हणतात. आमच्यात एक रीत आहे. रजेवर आलेला गडी आधी घरी जात नाही, फाट्यावर पेंटरच्या दुकानात येतो. नवा हुद्दा मिळाला असेल तर पेंटर त्याच्या काळ्या ट्रंकेवरचा जुना हुद्दा पुसतो, पांढऱ्या रंगात नवा लिहितो, आणि रंग वाळला की ती ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन गावातून त्याच्या घरापर्यंत नेतो. अक्षरं लोकांच्या बाजूला. बायका भाकरी सोडून दारात येतात, म्हातारे चष्मा लावतात, कुणीतरी मोठ्यानं वाचतं, "नायक झालं बघ शेलाराचं पोरगं!" झालं. ट्रंक घरात गेली की गावाला पटलं. कागद कुणी मागत नाही. पेंटर खोटं लिहील असं कुणाच्या बापाच्या मनात आलं नाही. माझ्या बापानं चाळीस वर्षं ट्रंका वाहिल्या, एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

मी लिहिलं.

त्र्याऐंशी साली आम्ही तिघं भरतीला गेलो होतो. मी, शिवा कणसे आणि भान्या. छाती भरली नाही म्हणून मला परत पाठवलं. त्या दोघांना घेतलं. फौजी नंबर लागोपाठचे, शिवाचा शेवट सत्तेचाळीस, भान्याचा अठ्ठेचाळीस. दोघं बेळगावला ट्रेनिंगला गेले. चार महिन्यांनी एका दुपारी भान्या माझ्या दुकानात आला. डोक्यावरचे केस उडवलेले, पायाला फोड, नाक गळतंय. म्हणाला, "महादू, मी मरंन तिथं. मी न्हाई जायचा." मी म्हणालो, परत जा, चार दिवसांत कुणी फाशी देत नाही. ऐकला नाही. घरीही गेला नाही, माझ्याच दुकानातून एसटीत बसला आणि भिवंडीला मामाकडं गेला. त्याला पकडून परत पाठवा असा कागद बेळगावहून आमच्या पोलीस पाटलाकडं आला. पोलीस पाटील म्हणजे भान्याचा बाप. कागद चुलीत गेला.

दिवाळीला भान्या उतरला. बाजारातली खाकी कापडं, इस्त्री केलेली, आणि हातात कोरी काळी ट्रंक. "महादू, शिपाई लिही. आय जीव दील माझी." त्याच्या आईनं मला लहानपणी जेवायला घातलं होतं. मी लिहिलं. डोक्यावर घेऊन गावातून नेलं. दोन वर्षांनी लान्स नायक. मग नायक. मग हवालदार. फौजेनं नाही, मी त्याला बढत्या दिल्या. कुणी पलटण विचारली तर म्हणायचा, आमचं काम गुप्त असतंय. शिवाला सगळं माहीत होतं. तो रजेवर आला की मला म्हणायचा, "मी कुणाच्या आयला रडवणार न्हाई, घरातबी बोललो न्हाई. पर तू लिव्हतूस कशाला?" मी म्हणायचो, अरे, चार अक्षरं तर आहेत.

अठ्ठ्याऐंशी साली शिवा श्रीलंकेत शांतिसेनेत पडला. अस्थींचा कलश आला. तेव्हा तो लान्स नायक होता. तिकडं भान्या भिवंडीच्या गोदामात कापडाचे गठ्ठे उचलता उचलता हवालदार झाला. नव्वद साली, गुडघा गेल्याचं सांगून, तो "रिटायर" होऊन गावात आला आणि राजकारणात शिरला.

"लिव्हणार न्हवं?" भानुदासनं विचारलं.

"तू तिथं नव्हतास, भान्या."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतो."

"सांग की," तो उठला, पँट झटकली. "पर एक इचार कर. मी खोटा, तर मला खरा कुणी केला? ट्रंक कुणाच्या डोस्क्यावरनं गेली? माझ्या का तुझ्या?" दारात थांबला आणि म्हणाला, "सकाळी आठ. पोरं पाठवतो न्यायला."

मी ब्रश टाकला आणि चिठ्ठी घेऊन वत्सलावहिनींच्या घरी गेलो. शिवाची बायको. दिराच्या घरात मागच्या दोन खणांत राहायची, पोरीला घेऊन. पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"या, भावजी. आज दुकान सोडून?"

मी चिठ्ठी पुढं केली. तिनं हात पुसून घेतली, ओठ हलवत वाचली.

"बराबर हाय," ती म्हणाली. "हेच म्हणालं व्हतं मालक."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"भानुदासभावजींनी. कलश आला त्याच्या आठव्या दिवशी आलं व्हतं की. हितंच बसलं व्हतं, तुमी उभं हाईत तितं. लई रडलं." तिनं चिठ्ठीची घडी घातली. "त्या दिवशी माजा भाऊ न्यायला आला व्हता. पुण्याला नर्सिंगची जागा आली व्हती, जवानाच्या बायकांसाठी. ऱ्हायला खोली, पोरीला शाळा. बोचकं बांधलं व्हतं भावजी. एसटीला दोन तास व्हतं. आन् भानुदासभावजी आलं, म्हणालं, शिवा असं असं म्हणाला. मग कुठली जातीय? भाऊ शिव्या दिऊन गेला, परत आला न्हाई. म्या बोचकं सोडलं."

मला हे माहीत नव्हतं. आईच्यान सांगतो, मला हे माहीत नव्हतं. भान्या तिला भेटून आला होता एवढंच ठाऊक होतं. मला वाटलं चार शब्द धीराचे बोलला असेल.

"आता जाता येत न्हाई का?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"वयाची अट सरली. दोन साल झालं. आता दिराच्या भाकऱ्या थापायच्या आन् जावंचं बोलणं खायाचं. पर मालकाचा शबुद हाय म्हणून दिवस निगतोय."

मी खाली बसलो. "वहिनी, भानुदास तिथं नव्हता."

"कुटं?"

"लंकेत. तो कुठंच नव्हता. चार महिन्यांत बेळगावहून पळाला तो. भिवंडीला गोदामात होता. शिवा पडला तेव्हा पण तिथंच."

तिचे हात थांबले नाहीत. शेंगा फुटत राहिल्या. फक्त दाणे कुठं आणि टरफलं कुठं याचा हिशेब राहिला नाही, सगळं एकाच सुपात पडायला लागलं.

"मग मालक काय म्हणालं?"

"माहीत नाही, वहिनी. कुणालाच माहीत नाही."

"काईच म्हणालं नसतील?"

"असेलही."

तिनं सुपातलं एक टरफल वेचून बाहेर टाकलं. मग मान वर केली.

"तुमाला कवा कळलं?"

ह्या प्रश्नाला मी येतानाच भ्यालो होतो.

"पहिल्या दिवशी. पळून आला तो आधी माझ्याकडंच आला."

"म्हंजी त्र्याऐंशी साल."

"व्हय."

"आन् त्याच्या ट्रंका?"

"मीच."

"ह्याच आळीतनं गेल्या की त्या. माज्या दारावरनं. तुमच्या मानंला कळ कशी आली न्हाई हो?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर दीर धावत आला असता. दातावर दात ठेवून बोलत होती. "एका माणसानं एक वाक्य थापलं आन् म्या त्याच्यावर जलम काढाय बसली. आन् तुमी ब्रश धुवत व्हता."

"चुकलो, वहिनी."

"चुकला म्हणू नगा. ताटात मीठ जास्त पडलं की म्हणत्यात चुकलं." तिनं सूप बाजूला सारलं. "उद्या मला बोलाय बोलवलंय सभंत. म्या त्याला लोकांम्होरं इचारणार. सुभेदारआबा असतील, समदं रिटायर असतील. पर बाईमाणूस, त्यात माझ्या एकलीवर कोण इस्वास ठिवंल? तुमी उटाल?"

"उठतो."

"शपथ?"

"शिवाची शपथ."

"मेलेल्याची सोपी असती. जित्या माणसाची घ्या."

मी आईची घेतली.

दुकानात आलो आणि काय केलं सांगू? फलक रंगवला. उजेड जाईपर्यंत बसून रंगवला. शिवाचं नाव मोठं, भान्याचं बारीक, अक्षर असं की जिल्ह्यात कुणाचं नसेल. स्वतःला सांगत होतो की फलक लागलाच पाहिजे, खोटं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं टांगलं की मग फाडायला मजा. माणूस स्वतःला किती हुशारीनं फसवतो बघा. मला फलक द्यायचा नाही असं म्हणायचं धाडस नव्हतं, एवढंच होतं ते.

सकाळी मैदान भरलं. पुढच्या दोन रांगा माजी सैनिकांच्या, छातीवर पदकं लावून बसलेल्या. मधोमध सुभेदार मेजर कोंडिबा साळुंखे, सगळ्या गावाचे आबा. वय ऐंशी, पाठ सरळ, गावाचा शेवटचा शब्द. पंचायत एकीकडं, आबांची मान एकीकडं. मी पाचव्या रांगेत कडेला बसलो.

साहेबांचे हारतुरे झाले. भान्या उठला. टोपी कलती, मिशीला तेल. "बंधूंनो, शिवाचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. रगात थांबत न्हवतं. मी म्हणालो, शिवा, पानी दिऊ? म्हणाला, पानी नगं, निरोप घे." बायकांत हुंदके सुरू झाले. आबांनी रुमाल काढला. मी वर टांगलेल्या फलकाकडं बघितलं. माझंच अक्षर.

"आता वीरपत्नी वत्सलाताई दोन शब्द बोलतील."

वहिनी स्टेजवर गेली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. माइक तोंडापासून लांब होता, एकानं जवळ केला.

"भानुदासभावजी, माज्या मालकाचा नंबर काय?"

भान्यानं घडाघडा सांगितला.

"आन् तुमचा?"

भान्याच्या टाचा आपोआप जुळल्या. खाडकन सांगितला. "एक पुढं, वहिनी. शिवा सत्तेचाळीस, मी अठ्ठेचाळीस. भरतीलाबी त्याच्या मागंच व्हतो."

टाळ्यांचा पाऊस. आबा स्वतः टाळ्या वाजवत होते. "शाब्बास! फौजी झोपंतबी नंबर चुकत न्हाई."

आमच्या गावाची ही एक खुळी समजूत. नंबर आला की माणूस खरा. वहिनीही ह्याच गावची, तिलाही वाटलं की नंबरात तो सापडेल. पळपुट्याला पण नंबर मिळालेला असतो हे तिला मी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलं नाही.

ती एकदम पांढरी पडली. पण माइक सोडला नाही.

"नंबर खरा आसंल," ती म्हणाली. "माणूस खोटा हाय. ह्यो चार म्हैन्यांत पळून आला. मालक पडलं तवा ह्यो भिवंडीला व्हता. हे वर टांगलंय ते मालक बोललं न्हाईत. ह्यानं बनवलंय, आन् म्या त्याच्यापायी चार वर्सं हितं सडली."

मैदानात चुळबूळ झाली. मग कुजबूज. साहेबांनी घड्याळ बघितलं. भान्या डगमगला नाही. आवाजात लोणी आणून म्हणाला, "वहिनींचं दुःख मोठं हाय. त्यांच्या मनात कुणीतरी ईख कालवलंय. कुणी ते आपल्याला म्हाईत हाय. विरोधी पार्टीवाल्यांनो, इलेक्शन लढवा, पर विधवंला मधी ओढू नका!"

पुन्हा टाळ्या. मागून कुणी तरी ओरडलं, "बाईला खाली उतरवा!"

तेव्हा आबा उठले. त्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. "वत्सला, पोरी, लई मोटं बोललीस. फौजीला पळपुटा म्हंजी आयला शिवी. साक्षीदार हाय?"

"हाय."

"कोण?"

"महादूभावजी. त्यांनीच त्याचं हुद्दं लिव्हलं. सगळं खोटं. इचारा त्यांना." तिनं थेट माझ्याकडं बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "उटा, भावजी."

हजार माणसांनी मान वळवली. खुर्च्या करकरल्या.

मी भान्याकडं बघितलं. तो घाबरला नव्हता. कालच्यासारखाच हसत होता. मी आबांकडं बघितलं. आबांची ट्रंक माझ्या बापानं डोक्यावर नेली होती, सुभेदार मेजर हे शब्द माझ्या बापानं लिहिले होते. मला कुणी मारेल याची भीती नव्हती. वहिनीवर विश्वास ठेवणारे चार जण पुढं म्हणाले, महादूला गुंडांनी दम दिला असेल. कुणी दम दिला नव्हता. मी एवढंच मनात आणलं की मी आता उठलो की ह्या रांगांतला एकेक माणूस आपली ट्रंक आठवेल. उद्यापासून माझ्या डोक्यावर कुणी ट्रंक देणार नाही. मला ह्या गावात दुसरी इज्जत नव्हती. फौजेत गेलो नव्हतो, पण फौज माझ्या डोक्यावरून घरी जात होती.

"काय रं, महादू?" आबांनी विचारलं. "खरं हाय का हे? बोल. तू म्हणशील ते धरतो."

गुडघ्यांवर हात ठेवले होते. उठायला तेवढाच जोर लागतो.

"मला काय म्हाईत न्हाई, आबा," मी म्हणालो. बसूनच म्हणालो. "मी आपला पेंटर. सांगंल ते लिव्हतो."

कुणीतरी हसलं. मग चार जण हसले. आबा हळूच खाली बसले आणि त्यांनी वहिनीकडं असं बघितलं की शत्रूकडंही माणूस तसं बघत नाही. साहेबांनी माइक ओढून घेतला. "ताईंना पाणी द्या, सावलीत बसवा. आपण सगळे त्यांच्या दुःखात सामील आहोत." भान्यानं वाकून तिच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. तिनं पाय मागं घेतला आणि पायऱ्या उतरायला लागली.

मधल्या वाटेनं ती चालत आली. लोक पाय आवरत होते, जवळ यायला नको म्हणून. बायकाही. तिच्या जावेनं तोंड फिरवलं. माझ्या खुर्चीजवळ आली तेव्हा मला वाटलं थुंकेल. थुंकली असती तर आज मी हे लिहायला बसलो नसतो, फिटलं असं म्हणून मोकळा झालो असतो. तिला बघून माझा नालायक देह आत्ता कुठं उठायला लागला. अर्धा उठलो होतो.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली दाबलं.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "आता उटू नगा."